मुलांच्या फोनमध्ये काही गैर दिसलं? आधी या चुका टाळा

पालकसभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, मुलांवर लक्ष ठेवायला कुठलं ॲप टाकू?" ॲप टाकून मोकळं व्हायची ही घाई मला पटत नाही. मूल आपण होऊन सांगत नसेल, तर ॲपचा उपयोग फार थोडा.

सगळ्यात महागात पडते ती घाबरून सगळं डिलीट करण्याची चूक. सातवीतला एक मुलगा फ्री फायर खेळायचा. गेममधल्या एका 'दादा'ने त्याला डायमंड (गेममध्ये वापरायचं चलन) दिले, खेळाचं कौतुक केलं, मग इन्स्टाग्रामवर बोलावलं. "घरी सांगू नकोस, गेम बंद करतील," हे त्यानंतर आलं. पुढे अश्लील फोटो मागितला, आणि फोटो मिळताच धमकी. घरी कळलं त्या रात्री वडिलांनी त्या माणसाला मेसेजवर शिव्या घातल्या, मुलाला मारलं, फोन रिसेट केला. सकाळी त्या माणसाचा आयडी गायब. तक्रार द्यायला गेले तेव्हा हातात ना युजरनेम, ना नंबर. धमक्या दुसऱ्या आयडीवरून चालूच होत्या, पण मार खाल्लेला मुलगा गप्प राहिला.

म्हणून मी सांगते, आधी मुलाला जवळ घ्या. "तुझी चूक नाही, बरं झालं कळलं," एवढंच बोला. मग वही घ्या आणि युजरनेम, प्रोफाइलची लिंक, नंबर, तारीख-वेळ उतरवून ठेवा. पैसे मागितले असतील तर यूपीआय आयडीसुद्धा. चॅट तसंच राहू द्या, उत्तर देऊ नका. पैसे तर मुळीच देऊ नका, मागणी वाढतच जाते.

तो फोटो 'काय करू?' म्हणून नातेवाइकांना पाठवू नका. लहान मुलांचे असे फोटो पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे. फोन घेऊन थेट पोलिसांकडे जा, किंवा 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर बोला. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही अशी तक्रार करता येते. फोटो पसरण्याची भीती असेल तर तो ऑनलाइन पसरण्यापासून रोखायला मदत करणारी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा तिकडे जातो.

"पोलीस दारात आले तर लोक काय म्हणतील?" या भीतीने कितीतरी घरं गप्प बसतात. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं कलम 24 वाचा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, आणि तो घेणारा अधिकारी गणवेशात नसावा असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे.

धोका मुलींनाच असतो, हा समज सोडा. पॉक्सो मुलग्यांनाही लागू आहे.

"अनोळखी माणसाशी बोलू नको" एवढं सांगून भागत नाही. महिनाभर रोज सोबत खेळणारा माणूस मुलाला अनोळखी वाटतच नाही. त्यापेक्षा विचारा, "आज गेममध्ये कुणी काही दिलं का? कुणी घरी सांगू नको म्हणालं का?"