‘निदान’ म्हटलं की चिन्ह कुठे वळतं?

स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू केली तेव्हा असमानतेची, म्हणजे ≥ (तेवढं किंवा जास्त) आणि ≤ (तेवढं किंवा कमी) या चिन्हांची, शाब्दिक उदाहरणं मी सरळ सोडून द्यायचो. समीकरण सुटायचं, पण पैशांचं उदाहरण आलं की चिन्हाचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं तेच कळेना.

ते कळलं पंचवटीत, मामाच्या द्राक्षांच्या हातगाडीवर. मामा दिंडोरीहून ४५ रुपये किलोने माल आणायचा, ६० ने विकायचा. टेम्पोचं भाडं ६००. एकदा म्हणाला, “हजार तरी सुटायला हवेत रे, किती माल उचलू?” त्या ‘तरी’पाशी मी थांबलो. बाराशे सुटले तर उत्तमच, फक्त हजाराच्या खाली नको. माल क्ष किलो धरला. किलोमागे १५ सुटतात, म्हणून १५क्ष − ६०० ≥ १०००. क्ष ≥ १०६.६७. क्रेट १० किलोचा. मी घाईत “दहा क्रेट” म्हटलं. मामाने बोटांवर हिशेब केला, “दहाला नऊशेच सुटतात.” अकरा उचलले. सगळा माल खपला, १०५० सुटले.

तेव्हापासून क्षला हात लावण्याआधी मी शब्दाखाली रेघ मारतो. तुम्हीही मारा. ‘निदान’, ‘किमान’, ‘तरी’ असेल तर ≥. ‘जास्तीत जास्त’, ‘पेक्षा अधिक नको’ असेल तर ≤. ‘कमीत कमी’ फार फसवतं. त्यात ‘कमी’ दिसतं, पण चिन्ह ≥ च.

दुसरी चूक मला सराव परीक्षेत भोवली. जवळ ५०० रुपये, रिक्षासाठी निदान ४० उरायला हवेत, ८० रुपयांच्या वह्या जास्तीत जास्त किती येतील? वह्या क्ष धरल्या, मांडणी बरोबर होती: ५०० − ८०क्ष ≥ ४०, म्हणजे −८०क्ष ≥ −४६०. ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटवायचं राहिलं, आणि मी ६ लिहिलं. सहा वह्यांचे ४८०, उरले २०. रिक्षाला पुरत नाहीत.

चिन्ह का उलटतं, ते देण्याघेण्यात बघा. ज्याच्याजवळ ५ रुपये आहेत तो ३ वाल्यापेक्षा वरचढ. पण ५ रुपये देणं असलेला, ३ रुपये देणं असलेल्यापेक्षा खाली. दोघांपुढे उणे लागलं आणि क्रम फिरला. म्हणून क्ष ≤ ५.७५, वह्या पाच.

५.७५ ला सवयीने ६ करू नका. द्राक्षांत वरची संख्या घ्यावी लागली, वह्यांत खालची. आजूबाजूच्या दोन्ही पूर्ण संख्या मूळ वाक्यात ठेवून बघा: पाच वह्यांना १०० उरतात, सहाला २०. मी हे दोन आकडे अजूनही समासात लिहितो.