कौलारू घराची आगोट: पावसाआधीची कामे कोणत्या क्रमाने करावीत

कोकणातल्या कौलारू घरात पाऊस सुरू झाल्यावर दुरुस्तीसारखे फारसे काही करता येत नाही. ओल्या कौलावर पाय ठरत नाही, भिजलेले लाकूड वाळत नाही आणि मऊ पडलेल्या धान्याला दाखवायला ऊन नसते. म्हणून आगोटीच्या कामांत कष्टांइतकाच क्रम महत्त्वाचा असतो. आधी छप्पर, मग पाण्याची वाट, त्यानंतर लाकूडफाटा आणि धान्य, आणि शेवटी विहीर, वीज व आजारपणाची तजवीज, असा क्रम ठेवला तर एका कामाची धूळ, ओल किंवा पडझड दुसऱ्या कामावर येत नाही.

मुदत पंधरा मेची धरावी

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास आणि मृग ७-८ जूनला लागते, आणि मृगाआधी सगळे आवरायचे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती आता पुरेशी नाही असे माझे स्पष्ट मत आहे. मे २०२१ च्या मध्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला लागून वर सरकले तेव्हा अनेक घरांची शाकारणी (छपराची डागडुजी) अर्धवट होती. २०२५ साली तर मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला, म्हणजे रोहिणी लागते न लागते तोच पावसाळा सुरू झाला. असे दरवर्षी होईल असे नाही. परंतु कौले उतरवून ठेवलेल्या घरावर एकदा वळवाची सर आली तरी माळ्यावरचे सगळे भिजते. त्यामुळे छपराचे काम एप्रिलच्या अखेरीस सुरू करावे आणि बाकीची कामे १५ मेपर्यंत संपवावीत. मुंबई-पुण्याहून सुट्टीत येणाऱ्यांनीही मेच्या शेवटच्या आठवड्याऐवजी पहिल्या पंधरवड्यात यावे, कारण गावात शाकारणीला माणूस मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे आणि मेच्या अखेरीस सगळ्यांना तो एकाच वेळी हवा असतो.

छप्पर

छपराची पाहणी वर चढून सुरू करू नये. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, दारे-खिडक्या बंद करून माळ्यावर जावे आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबावे. जिथून उन्हाचा कवडसा येतो तिथे कौल फुटलेले, सरकलेले किंवा नीट न बसलेले असते. त्या जागेच्या जवळच्या वाशावर (छपराच्या उतरत्या लाकडावर) खडूने खूण करावी. केवळ कवडसे पाहून मात्र भागत नाही, कारण पाणी जिथे आत शिरते तिथेच खाली पडेल असे नसते. ते वाशावरून ओघळत येऊन दोन-तीन हात खाली ठिबकते. म्हणून गेल्या पावसाळ्यात ठिबकलेल्या जागी वाशांवर जे काळे-तपकिरी ओघळ उमटलेले असतात, त्यांचा माग वरच्या बाजूला काढत जावे आणि ओघळ जिथे सुरू होतो तिथे दुसरी खूण करावी.

त्यानंतर रीपा (कौले ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) आणि वासे तपासावेत. कोयत्याचे टोक रीपेत जरा दाबून पाहावे. ते सहज रुतले, किंवा आतून भुसा निघाला, तर ती रीप बदलावीच लागते. कौल नवे घालून आणि रीप जुनी ठेवून केलेली डागडुजी पहिल्याच जोरदार वाऱ्यात उखडते. वासा भिंतीवर जिथे टेकतो तो भाग विशेष काळजीने पाहावा, कारण वाळवी बहुधा तिथूनच वर चढते.

आता वर चढावे, तेही एकट्याने नव्हे. सकाळी लवकर, कौले तापायच्या आत, अनवाणी किंवा रबरी तळव्याच्या पादत्राणांनी चढावे. पाय कौलाच्या मधोमध न ठेवता खालच्या रीपेवर भार येईल असा ठेवावा, आणि जास्त वेळ बसून काम करायचे असेल तर दोन-तीन वाशांवर पेलेल अशी आडवी फळी टाकावी. कंबरेला दोर बांधून तो आढ्यापलीकडच्या (छपराच्या माथ्यापलीकडच्या) बाजूला पक्क्या ठिकाणी अडकवावा. घरच्या माणसाला उंचीची सवय नसेल तर हे काम जाणकार गड्याकडूनच करून घ्यावे. त्याच्या मजुरीत काटकसर करण्याचे हे ठिकाण नव्हे.

मंगलोरी कौले बदलताना जुन्या कौलांच्या पाठीवरचा कारखान्याचा छाप पाहून घ्यावा. निरनिराळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडाफार फरक असतो, आणि वेगळ्या साच्याचे कौल शेजारच्या कौलाच्या खाचेत पूर्ण बसत नाही. वरून ते सरळ दिसते, पण झडीचे (वाऱ्याने तिरप्या येणाऱ्या पावसाचे) पाणी त्या फटीतून आत येते. गावात जुने घर मोडत असेल तर आपल्या छापाची वीस-पंचवीस कौले आणून परसात उभी रचून ठेवावीत. माकडांच्या उड्यांनी कौले फुटतात ती भर पावसातच, आणि तेव्हा नवी कौले आणायला कोणी जात नाही.

आढ्यावरच्या कोन्यांचा (माथा झाकणाऱ्या कौलांचा) सांधा चुन्याने किंवा सिमेंटने भरलेला असतो. तो उन्हाने तडकतो, म्हणून जुना भुसभुशीत माल खरवडून काढून नवा भरावा आणि त्यावर निदान तीन-चार दिवस पाणी मारावे. छपराच्या दोन पाखी (उतरत्या बाजू) जिथे मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळीतला पातेरा (गळलेला पाला) हाताने काढावा आणि पत्र्याला गंजाचे भोक नाही ना, ते पाहावे. कौलारू घर गळण्याचे सर्वांत मोठे ठिकाण हेच असते. शेवटी छपरावर पाण्याची नळी धरून, आतल्या माणसाला खुणांच्या जागी उभे करून परीक्षा घ्यावी. नळी खालून वर धरू नये. पाऊस वरून येतो तसे आढ्याकडून पाणी सोडावे.

पाण्याची वाट

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोकणात असे दिवस येतातच, तर पागोळ्यांवाटे वीस हजार लिटर पाणी जोत्याच्या पायथ्याशी उतरते. चिऱ्याचा (जांभ्याचा) दगड हे पाणी शोषून घेतो, आणि पुढचे तीन महिने घराच्या आतल्या भिंतीला ओल येते. तेव्हा पागोळ्या पडतात त्या रेषेत जोत्यापासून बाहेर उतार असलेले गटार खणून घ्यावे, गेल्या वर्षीचे असेल तर त्यातली माती आणि पाला उपसावा, आणि ते पाणी शेवटी कुठे जाते तिथपर्यंत चालत जाऊन पाहावे. पुष्कळदा घराजवळचे गटार स्वच्छ असते आणि गडग्याखालची (दगडी कुंपणाखालची) मोरी बुजलेली असते. मग अंगणाचे तळे होते. शेजाऱ्याच्या कुंपणात पाणी सोडायचे असेल तर मेमध्येच त्यांच्याशी बोलून घ्यावे.

पश्चिमेकडच्या पडवीला झड लागते. तिथे झावळांची विणलेली झापे बांधावीत. हल्ली बहुतेक जण ताडपत्री किंवा मेणकापड लावतात, परंतु ते खालपर्यंत घट्ट बांधल्यास आत वारा खेळत नाही आणि बुरशी येते. झापांतून झड अडते आणि हवा येत राहते, म्हणून मिळत असतील तर झापेच वापरावीत.

लाकूड, धान्य आणि सुकी मासळी

जे ओले आत गेले ते चार महिने ओलेच राहते, ही गोष्ट या सगळ्या साठवणीत ध्यानात ठेवावी. लाकडे एप्रिलमध्येच फोडून उन्हात टाकावीत. दोन फोडी एकमेकींवर आपटल्यावर टणत्कार आला तर लाकूड वाळले आहे. आवाज दबका आला तर आणखी आठवडाभर ऊन द्यावे. रचताना खाली दगड किंवा आडवे सोट टाकून लाकडे जमिनीपासून अर्धा फूट उंच आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. त्यामुळे वाळवी लागत नाही, आणि फुरसे (विषारी साप) किंवा विंचू आडोशाला बसला तर तो दिसण्याची शक्यता वाढते. शेणी वेगळ्या, उंचावर ठेवाव्यात.

तांदूळ, कुळीथ, कडवे वाल यांना दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. दाणा दाताखाली धरल्यावर कट्‌कन तुटला पाहिजे. दबला तर तो वाळलेला नाही. इथे एक चूक फार घरांत होते: उन्हातून उचललेले गरम धान्य तसेच डब्यात भरले जाते. आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटते आणि महिन्याभरात वास येतो. धान्य सावलीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच भरावे. कडधान्यांना एरंडेलाचा हलका हात लावला तर किडीपासून बराच बचाव होतो.

राज्याच्या सागरी क्षेत्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते, त्यामुळे सोडे, सुकट, बोंबील यांची खरेदी मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. बोंबील वाकवल्यावर मोडला पाहिजे. बाजारातून आणलेल्या मासळीला घरी पुन्हा एक ऊन द्यावे, कारण वजन वाढावे म्हणून ती अनेकदा जरा ओलसरच विकली जाते. आमसुले, आंब्याची साठे आणि फणसपोळी यांनाही हाच नियम लागू आहे.

विहीर

गाळ काढायचा तो मेमध्ये, पाणी तळाला गेलेले असताना. विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडावा; तो विझला तर कोणीही उतरू नये. कंदील जळत राहिला तरी उतरणाऱ्याच्या कंबरेला दोर असावा आणि वर दोन माणसे असावीत. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीच्या आत उतरवून कधीही चालवू नये. त्याच्या धुरातल्या विषारी वायूने आतल्या माणसाचा जीव जातो.

पहिल्या जोरदार पावसानंतर पाणी गढूळ होते, तेव्हा निर्जंतुकीकरण करावे लागते. त्याचे गणित सोपे आहे. विहिरीच्या व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली आणि ३.१४ यांचा गुणाकार करून त्याला ४ ने भागावे; मापे मीटरमध्ये असतील तर उत्तर घनमीटरमध्ये येते, आणि एका घनमीटरात हजार लिटर पाणी असते. दर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर होते, आणि पावडर लागते सुमारे ७० ग्रॅम. ती प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून, मग बादली भरून दहा मिनिटे निवळू द्यावी. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती विहिरीत सोडावी आणि वर-खाली हलवावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. हे काम रात्री करावे, म्हणजे लागणारा निदान एक तासाचा अवधी आपोआप मिळतो.

वीज, ताप आणि सर्पदंश

वीजवाहिनीला टेकलेल्या फांद्या स्वतः तोडू नयेत. महावितरणला मेच्या सुरुवातीला लेखी कळवावे. छपरावर झुकलेल्या माडांचे तयार नारळ आणि सुकलेल्या झावळा काढून घ्याव्यात. घरातल्या विद्युत गळती रोधकाचे (गळती होताच वीज तोडणाऱ्या आरसीसीबी किंवा ईएलसीबी स्विचचे) चाचणी बटण दाबून पाहावे. विजा चमकण्याचा धोका पावसाळ्याच्या आधी आणि अखेरीस अधिक असतो. त्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप फोनवर घेऊन ठेवावे.

सर्पदंशावरचे प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात असते, आणि रात्री तिथे कोणत्या रस्त्याने पोचता येते, हे आताच विचारून घ्यावे. दंश झाल्यास जखम कापू किंवा चोखू नये, अवयव हलू न देता माणसाला थेट तिथे न्यावे. शेतात चिखलात उतरणाऱ्याला पायावर जखम असेल तर गमबूट घालावेत, आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून शेतात काम केल्याचे सांगावे, कारण दूषित चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापाला उशीर परवडत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी घर असेल तर

हवामान विभाग २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतो, आणि अशा पावसाची दाट शक्यता असली की लाल इशारा देतो. ज्यांच्या घरामागे उतार आहे त्यांनी हा इशारा मिळाल्यावर घर सोडण्याचा निर्णय आधीच करून ठेवावा. उतारावर नवी भेग दिसणे, झाडे किंवा खांब कलणे, दारे अचानक घट्ट बसणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा थांबणे, यांपैकी काहीही दिसले तर इशाऱ्याची वाटही पाहू नये. माळीणची दरड ३० जुलै २०१४ रोजी सकाळी कोसळली, तळियेची २२ जुलै २०२१ रोजी, आणि इर्शाळवाडीची १९ जुलै २०२३ रोजी रात्री. कोणाच्या घरी जायचे ते मेमध्येच ठरवून त्यांना सांगून ठेवावे, सातबारा, आधार आणि औषधे एका जलरोधक पिशवीत दाराजवळ ठेवावीत, आणि निघायचे ते दिवसाउजेडी, म्हाताऱ्यांना आणि गुरांना आधी हलवून.