एसीचा गॅस भरायला निघण्याआधी

नाशिकच्या थंडीच्या भरवशावर गाडीच्या एसीकडे चार महिने कोणी ढुंकून पाहत नाही. मग एप्रिलमध्ये भर दुपारी द्वारका चौकात गाड्यांच्या रांगेत अडकलं की बटण दाबलं जातं, गरम वारा तोंडावर येतो आणि निदान तिथल्या तिथे ठरतं: गॅस संपला. तयारीत पहिलं काम म्हणजे हे वाक्य डोक्यातून काढणं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. रबरी होज आणि सांध्यांतल्या रबरी कड्यांमधून (ओ-रिंग) वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, तेवढं धरून चालायचं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गाडीला गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

म्हणून गॅरेजला जायच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढा, तोही दुपारचा. उन्हात तापलेली गाडी असेल तर काचा खाली करून थोडं अंतर चालवा, आतली वाफ बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. हे बटण कोणीतरी चुकून बंद करून ठेवलेलं असतं आणि एसी बाहेरची चाळीस अंशांची हवा गार करत धापा टाकत असतो, असं पुष्कळदा निघतं. तापमानाची कळ पूर्ण थंडवर आहे ना, तेही बघा. हवेचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर (तापाचा नव्हे) डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत खोचा. गाडी चालती असताना दहा-पंधरा मिनिटांत आकडा साधारण ८ ते १२ अंशांपर्यंत उतरला, तर तुमच्या एसीला काही झालेलं नाही. काचांना फिल्म नाही आणि ऊन कडक आहे, एवढंच.

आकडा उतरला नाही तर तो कधी उतरत नाही हे टिपून ठेवा, कारण सगळं निदान त्यातच आहे. आडगावच्या पुढे हायवेला गार लागतं आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला गरम, असं असेल तर संशय गॅसवर नको, कंडेन्सरवर आणि त्याच्या फॅनवर घ्या. रेडिएटरच्या पुढची ती पातळ पत्र्यांची जाळी गॅसमधली उष्णता बाहेर टाकते. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप मिळतो, उभी राहिली की सगळी मदार फॅनवर. एसी चालू करून बोनेट उघडा: थोड्या वेळात फॅन फिरायला हवा. हात आणि ओढणी लांब ठेवा, तो केव्हाही सुरू होतो. फिरत नसेल तर दोष फ्यूज, रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा स्विच) किंवा मोटरचा, आणि हे काम गॅसपेक्षा स्वस्तातही होऊ शकतं. फॅन ठीक असेल तर जाळी बघा. सिंहस्थाच्या निमित्ताने जागोजागी खोदलेल्या रस्त्यांची माती तिच्यात बसते. इंजिन गार असताना साध्या पाइपने हलकं पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जवळून मारू देऊ नका. पत्रे आडवे झाले की वारा जायचा मार्गच बंद होतो.

वारा गार पण मंद असेल तर आतल्या हवेची धूळ गाळणारा केबिन फिल्टर बघा. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या खणामागे असतो, पाच मिनिटांत हाताने निघतो, आणि काळा पडला असेल तर झटकत बसू नका, बदला. आत वारा फेकणारा ब्लोअर फक्त शेवटच्या आकड्यावर चालतो, खालच्या आकड्यांवर मुका? मग त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेलाय. सुरुवातीला छान गार, तासाभराने वाराच येईनासा होतो, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक: आतली हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. कुबट वास कॉइलवरच्या बुरशीचा. शेजारच्या सीटच्या पायाशी पाणी साचलं तर ड्रेन पाइप तुंबलाय. गाडीखाली पाणी टपकणं मात्र चांगलं लक्षण.

कसारा घाट चढताना एसी आपोआप बंद पडत असेल तर नजर तापमानाच्या काट्यावर हवी. इंजिन तापलं की बऱ्याच गाड्या एसीचा गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर स्वतःच बंद करतात. हा एसीचा नाही, इंजिन गार ठेवणाऱ्या यंत्रणेचा प्रश्न आहे. बाजूला थांबा, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

घरचं एवढंच. कॉम्प्रेसरमधून खडखडाट येत असेल, बेल्ट किंचाळत असेल, नळ्यांच्या सांध्यावर तेलकट काळा डाग असेल किंवा थर्मामीटर हलतच नसेल, तर सरळ एसी मेकॅनिक. घरी कॅन आणून गॅस भरायचा मोह नको: नेहमीचा गॅस आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, कातडी जागच्या जागी गोठते. शिवाय जास्त भरला तरी थंडावा घटतोच. नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, तो वेगळा. दोन्ही मिसळायचे नसतात. इलेक्ट्रिक गाडीच्या एसीला उच्च दाबाची वीज आणि वेगळं तेल लागतं, ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या.

मेकॅनिककडे गेल्यावर ‘गॅस टाका’ म्हणू नका. तुमची टिपणं सांगा. गळती कशी शोधणार ते विचारा: नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी, किंवा गळतीच्या जागी चमकणारा रंग (डाय). आधी नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम करून तो टिकतो का पाहिलं का? गॅस वजनाने भरणार का, अंदाजाने? बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम छापलेले असतात, त्याचा फोटो जवळ ठेवा. ‘डॅशबोर्ड उतरवून कॉइल बदलावी लागेल’ असं कळलं तर कॉइलमध्ये गळती कशावरून, ते दाखवायला सांगा. मजुरीच मोठी असते. आणि काम झाल्यावर सकाळच्या गारव्यात गॅरेजच्या दारात हात लावून पैसे देऊ नका. दुपारी एक-दोनला मेकॅनिकला शेजारी बसवून द्वारका चौकापर्यंत चक्कर मारा, सिग्नलला उभे राहा आणि जाळीतला थर्मामीटर त्यालाच वाचायला सांगा.