कॅज्युअल्टीतल्या आजी आणि पंधरा दिवसांपूर्वीच्या आजी

डॉक्टर म्हणून नाशिकला कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, लागले तेव्हा द्राक्षांची काढणी जोरात चालू होती. एका पहाटे दिंडोरीकडच्या आजींना जीपमधून उचलूनच आत आणलं. वय ७८. ग्लानीत होत्या, लुगडं ओलं, नाव विचारलं की भलत्याच कुणाला हाका मारत होत्या. भिंतीवर फ्रेल्टी स्केलचा तक्ता होता: म्हातारं माणूस किती खचलंय ते आकड्यात सांगणारा, आकडा मोठा तितकं परावलंबन जास्त. तो बघून मी केसपेपरवर ७ लिहिलं, म्हणजे अंघोळ-कपड्यांपासून सगळं दुसऱ्याच्या हाती. मुलाशीही त्याच सुरात बोलले: वय झालंय, फार आशा ठेवू नका.

सकाळी राउंडला आमच्या वरिष्ठ डॉक्टर मॅडमनी सुनेला एवढंच विचारलं, "पंधरा दिवसांमागं आई काय काय करायच्या?"

"अहो, मंगळवारपर्यंत मळ्यात डबा घेऊन यायच्या. भाकरीही त्याच करतात."

लघवीचा जंतुसंसर्ग होता आणि सोडियम उतरलं होतं. खरा आकडा ३, म्हणजे स्वतःचं सगळं स्वतः करणाऱ्या. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

कॅज्युअल्टीत नव्यानं लागलेल्या डॉक्टरांनो, ही स्केल तुम्हाला माहीत आहे. रॉकवूड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कॅनडात मांडली तेव्हा सात पायऱ्या होत्या, आता नऊ आहेत. पण ती आजची अवस्था मोजत नाही, हे कुणी ठासून सांगत नाही. ती मोजते आजारी पडण्याआधीची, साधारण दोन आठवड्यांपूर्वीची अवस्था. आज पेशंट किती गंभीर आहे ते बीपी, ऑक्सिजन, श्वास, शुद्ध सांगतात. स्ट्रेचरवर आडवं पडलेलं प्रत्येक म्हातारं माणूस ७ चंच दिसतं. तापानं पडलेल्या तुम्हालाही कुणी त्या क्षणी पाहिलं तर ७ देईल. म्हणून तक्त्यावरची चित्रं बघून आकडा टाकू नका. व्हीलचेअर दिसली की ७, काठी दिसली की ५, हा शॉर्टकट सिनियर शिकवत असले तरी शिकू नका.

विचारायचं काय? संडासला एकट्या जातात का? अंघोळीला कुणी लागतं का? गोळ्या कोण काढून देतं? पेन्शन आणायला बँकेत स्वतः जातात का? सिटीलिंकच्या बसमध्ये एकट्या चढतात का? आणि विचारायचं कुणाला, हे त्याहून महत्त्वाचं. पुण्याहून रात्रीत आलेला मुलगा "एकदम ठणठणीत होते" म्हणतो, कारण त्यानं वडिलांना दिवाळीत पाहिलेलं असतं. माझं मत पक्कं आहे: रोज ताट वाढणाऱ्या माणसाला विचारा. बहुतेक वेळा ती सून असते, आणि ती दाराबाहेर पिशवी धरून उभी असते. तिला आत बोलवा.

आपल्या घरांत आणखी एक गुंता आहे. आजोबांनी जन्मात स्वयंपाक केलेला नसतो, आजींना सून काही करू देत नाही. "करत नाहीत" म्हणजे "जमत नाही" नव्हे. आधी करत होते आणि आता सुटलं, असं काही आहे का, तेवढं शोधा.

हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं. पहिल्या महिन्यात माझे आकडे मॅडमच्या आकड्यांपेक्षा एखाद्या पायरीनं इकडेतिकडे व्हायचे. तुमचेही होतील, घाबरू नका. ३ ला ४ लिहिलंत तर आभाळ कोसळत नाही. ३ ला ७ लिहिलंत तर आयसीयूत न्यायचं की नाही हे बोलणंच बदलतं, ते मात्र होऊ देऊ नका.

गोंधळलेल्या पेशंटला ४एटी करा, ही डिलिरियमची, म्हणजे आजारपणात अचानक येणाऱ्या भ्रमाची, छोटी चाचणी. ४ किंवा जास्त गुण आले तर डिलिरियम धरून कारण शोधा. त्यात डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायचे असतात. आमच्या कित्येक आज्यांना चैत्र-वैशाख तोंडपाठ, जानेवारी-फेब्रुवारी नाही. तिथं गुण देण्याआधी ही गोष्ट केसपेपरवर लिहा. शांत पडून राहिलेल्या आजींचा डिलिरियम सर्वांत जास्त निसटतो. ओरडणाऱ्याकडे सगळेच धावतात.

आणि फ्रेल्टीचा तक्ता ६५ च्या पुढच्यांसाठी आहे. लहानपणी पोलिओ झालेल्या चाळिशीतल्या माणसाला तो लावू नका.

आता माझ्या केसपेपरवर आकड्याच्या आधी एक ओळ असते: "पंधरा दिवसांपूर्वी: मळ्यापर्यंत चालत, भाकरी स्वतः. माहिती देणारी: सून, एकत्र राहते."