शीर्षकांचं रूप एकदाच ठरवा, स्टाइलमध्ये

लांबलचक मजकुरात प्रत्येक शीर्षक सिलेक्ट करून फॉन्ट, आकार, ठळकपणा हातानं बदलत बसू नका. नंतर आकार १६ वरून १४ करायचा ठरला, की सगळी पानं पुन्हा चाळावी लागतात आणि एखादं शीर्षक हमखास सुटतं.

स्टाइल म्हणजे फॉन्ट, आकार, ठळकपणा यांचा एका नावाखाली साठवलेला संच. वर्डमध्ये होम टॅबवर स्टाइल्सचा चौकोन असतो. शीर्षकाच्या ओळीत कर्सर ठेवून 'हेडिंग १' निवडा, किंवा विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट आणि १ ही बटणं एकत्र दाबा. आता एकच शीर्षक मनासारखं सजवा, ते सिलेक्ट करा, 'हेडिंग १'वर राइट क्लिक करून 'अपडेट हेडिंग १ टू मॅच सिलेक्शन' निवडा. त्या स्टाइलची बाकीची शीर्षकं आपोआप बदलतात. शिवाय याच शीर्षकांवरून अनुक्रमणिकाही तयार होते. माझ्या मते स्टाइल वापरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

मराठी मजकुरासाठी एक गोष्ट नक्की तपासा. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतं आणि तिचा फॉन्ट व आकार इंग्रजीपेक्षा वेगळा साठवतं. स्टाइल बदलूनही मराठी अक्षरं जशीच्या तशी राहिली, तर स्टाइलवर राइट क्लिक करा, 'मॉडिफाय'मधून फॉन्टची चौकट उघडा आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या रकान्यातही फॉन्ट नि आकार भरा. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्येही अशा लिप्यांसाठी वेगळा विभाग आहे.

दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुराचे रंग, फॉन्ट काढायचे असतील, तर तो सिलेक्ट करून वर्डमध्ये कंट्रोल आणि स्पेसबार दाबा.