गारगोटी की कॅल्साइट, हे कसे ओळखावे
दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत सापडलेला पांढरा, चमकदार खडा गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, आहे की कॅल्साइटचा, हे रंगावरून ठरवू नये. रंग फसवा असतो. खड्याचे टोक काचेच्या जुन्या तुकड्यावर दाबून ओढावे आणि उमटलेली रेघ पुसून पाहावी, कारण पुसली जाणारी रेघ ही केवळ खड्याची भुकटी असते, मात्र ओरखडा कायम राहिला तर खडा गारगोटीचा असण्याची शक्यता अधिक, कारण मोह्‌स प्रमाणावर (खनिजांची कठीणता 1 ते 10 अशी दाखवणाऱ्या मोजपट्टीवर) तिची कठीणता 7 असते. कॅल्साइटची कठीणता केवळ 3 असल्याने त्यावर चाकूनेही ओरखडा उठतो आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने ते फसफसते. फुटलेली बाजू भिंगातून अवश्य पाहावी: गारगोटी शिंपल्यासारखी वक्र फुटते, तर कॅल्साइटचे सपाट, तिरके तुकडे पडतात. काचनिर्मितीत लागणारी सिलिका वाळू मुख्यत्वे गारगोटीच्याच कणांची असते.