मेट दिले आणि पार्ट हलेना: असेंब्लीतल्या या चुका टाळा

सॉलिडवर्क्ससारख्या थ्रीडी कॅड सॉफ्टवेअरमध्ये पार्ट जोडून केलेल्या असेंब्लीत एखादा पार्ट ओढून पाहिला आणि तो हलला नाही, की हात पहिल्यांदा जातो मेट (दोन पार्टची एकमेकांशी जागा बांधणारी अट) डिलीट करण्याकडे. कृपा करून तसं करू नका. एका फिक्स्चरच्या असेंब्लीत मी असाच एक मेट उडवला होता. पार्ट मोकळा झाला, काम पुढे गेलं. दोन दिवसांनी ड्रॉइंग काढताना लक्षात आलं की क्लॅम्प त्याच्या जागेवरून 3 मिमी सरकलाय आणि तो मुळात कुठे होता हे सांगणारं फाइलमध्ये काहीच उरलेलं नाही. शंका आली तर मेट सप्रेस (तात्पुरता बंद) करा, पार्ट ओढून बघा, मग ठरवा.

आधी हिशेब करायला शिका. मोकळ्या पार्टला सहा हालचाली असतात: तीन दिशांना सरकणं, तीन अक्षांभोवती फिरणं. सपाट फेस दुसऱ्या फेसला कोइन्सिडंट केला, म्हणजे एका पातळीत टेकवला, की तीन जातात. शाफ्ट भोकात कॉन्सेंट्रिक केला, म्हणजे दोघांचा अक्ष एक केला, की चार जातात आणि उरतं फक्त पुढेमागे सरकणं व स्वतःभोवती फिरणं.

सॉलिडवर्क्समध्ये बेंच वाइस घ्या, डिप्लोमाला बहुतेकांनी केलेला असतो. सरकता जॉ (जबडा) खालून स्लाइडला टेकवला, तीन हालचाली गेल्या. बाजूने टेकवला, आणखी दोन गेल्या. एक उरली, तीच आपल्याला हवी आहे. पण चित्र नीट दिसावं म्हणून दोन जॉमध्ये 40 मिमीचा डिस्टन्स मेट दिला जातो आणि तिथेच वाइस अडकतो. पार्ट पूर्ण डिफाइन झाला, आता तो हलणार कसा? इथे साधा डिस्टन्स नको, लिमिट मेट द्या: किमान 0, कमाल 100. ॲडव्हान्स्ड मेट्समध्ये तो आहे. स्क्रू फिरवल्यावर जॉ सरकायला हवा असेल तर मेकॅनिकल मेट्समधला स्क्रू मेट वापरा. 4 मिमी पिचच्या सिंगल स्टार्ट स्क्रूला (एका फेऱ्यात 4 मिमी) 100 मिमी जायला 25 फेरे लागतील. तुमच्या मॉडेलमध्ये आकडा वेगळा आला, तर पिच भरताना एकक चुकलंय का ते बघा.

मेट तपासण्याआधी ट्रीमध्ये (बाजूच्या पार्टच्या यादीत) नावापुढची खूण बघा. एफ असेल तर पार्ट फिक्स आहे. पहिला पार्ट आपोआप फिक्स होतो, ते ठीकच. सप्लायरकडून आलेल्या स्टेप फाइलमध्ये (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारी फाइल) मात्र अनेकदा सगळेच पार्ट फिक्स असतात. राइट क्लिक करून फ्लोट करा. वजाची खूण म्हणजे अजून मोकळीक आहे, अधिकाची म्हणजे मेट जास्त झाले.

जास्त मेटचा त्रास खरा दोन डॉवेलच्या (जागा पक्की करणाऱ्या पिनांच्या) प्लेटमध्ये दिसतो. फेस टेकवला, पहिलं भोक कॉन्सेंट्रिक केलं, दुसरंही केलं. दोन्ही पार्टमध्ये भोकांतलं अंतर 80 मिमी असेपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चालतं. कुणी एका पार्टमध्ये 80.05 केलं की असेंब्ली लाल होते, आणि ओरडणारा मेट नेहमी दोषी असतोच असं नाही. शेवटून एकेक मेट सप्रेस करत वर जा. लाल रंग गेला की तो मेट आणि त्याच पार्टवरचे बाकीचे मेट नीट पाहा. दुसऱ्या कॉन्सेंट्रिकऐवजी बाजूच्या फेसला पॅरलल दिला असता तर ही वेळच आली नसती.

सबअसेंब्लीत (असेंब्लीच्या आत आणलेली दुसरी असेंब्ली) अनुभवी लोकही अडकतात. न्यूमॅटिक सिलिंडर त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये छान हलतो, पण मेन असेंब्लीत आणला की रॉड ढिम्म. कारण सबअसेंब्ली मुळात रिजिड, म्हणजे आतून न हलणारी, येते. कॉम्पोनंट प्रॉपर्टीजमध्ये सॉल्व्ह ॲज फ्लेक्सिबल करा. सिलिंडर चार ठिकाणी लावला असेल तर चारही वेळा करावं लागेल. आणि आत रॉडला डिस्टन्स मेट असेल तर फ्लेक्सिबल करूनही उपयोग नाही, तिथेही लिमिटच हवा. सगळंच फ्लेक्सिबल करून मात्र ठेवू नका, मोठी असेंब्ली जड होते.

इन्व्हेंटर हे दुसरं कॅड सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक: फ्री मूव्हने पार्ट बाजूला सरकवला म्हणजे कन्स्ट्रेंट (तिथला मेट) गेला असं नाही. अपडेट केलं की तो परत जागेवर येतो.

क्रँक आणि पिस्टनमध्ये सगळं बरोबर असूनही हालचाल अडत असेल, तर पिस्टन डेड सेंटरला (सरकण्याच्या अगदी टोकाला) आहे का ते पाहा. तिथून पिस्टन ओढू नका. क्रँकपिनजवळ पकडून क्रँक फिरवा.